मागून गाणाऱ्या वहिनी

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात, आणि वहिनींचं खरंच पटत नव्हतं. नणंद गाणी रचायची, कामगारांच्या सभांत गायची, दोनदा कोठडीची हवाही खाऊन आली. वहिनी दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या आणि संध्याकाळी "चालले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला" असं पुटपुटत तिच्या मागे उभ्या राहायच्या. तीस वर्षं त्यांनी नणंदेची री ओढली. पुढे येऊन एक ओळ म्हटली असेल तर शपथ!

नणंदेची रीत ठरलेली होती. ती सवाल टाकायची, "उन्हात पाय कुणाचे पोळले?" आणि मागून वहिनी जवाब द्यायच्या, "आमचेच, बाई, आमचेच!" सवाल रोज नवे असत. जवाब तेवढा एकच.

नणंद वारली. महिनाभराने इस्पितळाच्या झाडूवाल्या लॉन्ड्रीत आल्या. कचऱ्यातल्या सुयांनी हात फाटत होते आणि कंत्राटदार हातमोजे द्यायला तयार नव्हता.

"म्हणतो, ताई गेली, आता तुमचं गाणं संपलं," एकजण म्हणाली. "वहिनी, तुम्ही चला. नाहीतर उद्या इस्पितळाच्या फाटकावर कुणी थांबायचं नाही."

"अगं, मला सवाल कुठं येतात?" वहिनी म्हणाल्या. पण गेल्या.

फाटकाशी उभं राहिल्यावर त्यांची पाचावर धारण बसली. डोळे मिटून त्यांनी तोंड उघडलं आणि सवयीने जवाबच बाहेर पडला, "आमचेच, बाई, आमचेच!"

कंत्राटदाराचा मुकादम खो खो हसला. बायकाही हसल्या. धरणीने पोटात घ्यावं असं वहिनींना झालं. तेवढ्यात बोटाला चिंधी बांधलेली एक म्हातारी ओरडली, "सुयांनी हात कुणाचे फाटले?"

वहिनींनी जवाब दिला. मग दुसरीने विचारलं, तिसरीने विचारलं. मुकादमाचं हसू मावळलं. आत जायला निघालेल्या बायकाही परत फिरल्या. हातमोजे पुढच्या आठवड्यात आले, तेही एकाच मापाचे, पण आले.

त्या सकाळी सवाल संपत आले तेव्हा त्याच म्हातारीने हळूच एक टाकला, "ताई कुणाची गेली?"

वहिनींनी तोंड उघडलं. आयुष्यभर जिच्या नावाने बोटं मोडली, तिच्यासाठी त्या भर रस्त्यात हमसून रडल्या. जवाब बायकांनी दिला.