काहून नंतर द्या

दुपारी तूर निवडत बसले होते, तेवढ्यात फोन आला. "मॅडम, मी यवतमाळचाच, तुमच्या बँकेतून बोलतोय. खातं बंद होईल. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा."

घाई करणाऱ्यांचा मला मुळातच राग. मी विचारलं, "काहून?"

"काहून नंतर द्या मॅडम, आधी ओटीपी द्या."

यवतमाळचा म्हणवतो आणि काहून म्हणजे 'का', एवढं माहीत नाही. मी सूप बाजूला ठेवलं. "तू यवतमाळचा नाही रे, लबाडा. एक आकडा भेटणार नाही तुले."

त्याने गुपचूप फोन ठेवला.

पाहुण्यांसमोर मी काहून म्हटलं, की माझी पुण्याची सून डोळे वटारायची. आता अनोळखी फोन आला, की तीच ठणकावून विचारते, "काहून?"