पाणी द्यायचा मान

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिमटा आमच्या ऐरणीशेजारच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, "हा जरा लावून बघा."

मी सुतळीचा तुकडा चिमट्यात धरला. हा आर्टरी फोर्सेप. ऑपरेशनमध्ये तुटलेली रक्तवाहिनी दाबून धरायची, एवढंच त्याचं काम. मुठीजवळ बारीक दाते असतात. ते एकमेकांत अडकले की डॉक्टरांनी हात काढला तरी पकड राहते, राहिलीच पाहिजे. मी सुतळी ओढली. ती निसटून हातात आली. चिमट्याचे पाय किंचित वाकले होते आणि वाकलेलेच राहिले.

"कुठं सुटला?" मी विचारलं.

"मांडीत. खांडबाऱ्याच्या स्टेशनात वॅगनमध्ये लाकडं भरताना ओंडका आला अंगावर. रक्त थांबलं होतं. मी दुसरी शीर शोधत होतो."

"माणूस?"

"गेला." डॉक्टर स्टुलावर बसले. "शिक्का तुमचाच आहे ना?"

शिक्का आमचाच होता.

आमचे आजोबा नंदुरबारात विळे आणि अडकित्ते करायचे. प्लेगच्या काळात एका सरकारी डॉक्टरची कात्री त्यांनी दुरुस्त करून दिली, तिथून हा धंदा सुरू झाला. वडिलांनी, म्हणजे आबांनी, विलायती चिमटा उघडून, मोजून, पुन्हा पुन्हा बिघडवून तसाच घडवला. आमचं सगळं घर त्यावर उभं राहिलं. आबा मजेत म्हणायचे, "डॉक्टर मानूसले कापस, आपन लोखंडले. लोखंड रडत नही, इतलाच फरक." लढाई सुरू झाली, विलायतेचा माल बंद झाला, आणि मुंबईचा व्यापारी आमच्या दारात येऊन बसू लागला. द्याल तेवढे चिमटे द्या, म्हणाला.

पाणी देणं म्हणजे काय ते सांगतो. पोलाद लालबुंद करून तेलात बुडवलं की ते काचेसारखं कडक होतं. पडलं तर तुटेल. म्हणून ते पुन्हा तापलेल्या वाळूवर ठेवून हळूहळू नरम करतात. तापताना पोलादावर रंग चढतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. सुरी पिवळ्यावर काढायची. चिमटा निळ्यावर. निळा आला त्याच क्षणी तेलात टाकला तर चिमट्याला स्प्रिंगसारखा जोर राहतो. निळा निघून करडा झाला की पोलाद मेलं. दिसायला तसंच, पण वाकेल आणि वाकलेलंच राहील.

आमच्या घरात वाळूवरून "बस" म्हणायचा मान थोरल्याचा. आजोबा होते तोवर आबांनी कधी तोंड उघडलं नाही. पुढे मान आबांकडे आला. त्या वेळी दार ओढून घ्यायचं, कारण रंग उन्हात ओळखू येत नाही, आणि बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. फक्त भाता ओढणारा वाळूकडे बघत असतो. त्याला बघावंच लागतं. भाता मी ओढायचो.

म्हणून हे मला माहीत होतं. गेली दिवाळी झाल्यापासून मी बघत होतो. निळा यायचा. मी श्वास धरायचो. आबा वाट बघत राहायचे. निळा जायचा. मग आबा म्हणायचे, "बस."

मी भाता ओढत राहिलो.

डॉक्टरांना मी हे सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. त्यांनी चिमटा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "मोतीबिंदू वाढत गेला की डोळ्यातली काच पिवळी पडते. निळा रंग त्यातून पोचत नाही. त्यांना दोष नाही." आणि चिमटा माझ्या हातात दिला.

ते गेल्यावर धाकटा भाऊ सुपडू कानशीवरून उठला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"दादा, आबाले तूच सांग. माले आबा उभं बी करनार नहीत."

"तू बी वयखं व्हतं का?" त्यानंही ओळखलं होतं, हे मला आत्ता कळत होतं.

"चिमटा घासताना समजस ना. कानस लोन्यामा चालावी तशी चाले." तो खाली बघत म्हणाला. "माले वाटनं, तू थोरला शेस. तू बोलशी."

दुपारी आबा आले. मी दार ओढलं, एक पट्टी वाळूवर ठेवली, आणि ती निळी होताच बाहेर काढून त्यांच्यापुढे धरली.

"आबा, हाऊ कोनता रंग शे?"

आबांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. "आजून तांबडाच शे. काबर काढी लिधा?"

 आबांनी दार उघडलं आणि पट्टी उजेडात धरून माझ्याकडे बघितलं. मी रडत होतो, ते त्यांना दिसलं असावं.

"तुले दिखे?"

"हा."

"कव्हयपासून?"

"दिवाळीपासून."

"मंग काबर बोलना नही?"

मान तुमचा होता, असं उत्तर माझ्या तोंडाशी आलं. ते खोटं नव्हतं. पण खरं हे की, आबांचा डोळा गेला असं एकदा म्हटलं की वाळूपाशी मला बसावं लागलं असतं, आणि माझा हात आबांसारखा नाही हे सगळ्यांना कळलं असतं.  आबांनी पट्टी खाली ठेवली, हात धुतले आणि घरात गेले. त्यानंतर त्यांनी वर्कशॉपचा उंबरठा ओलांडला नाही. डोळ्याचं ऑपरेशन करू या म्हटलं, तर म्हणाले, आता काय बघायचं आहे.

मी मुंबईला गेलो. व्यापाऱ्याला म्हणालो, दिवाळीनंतरचा माल परत द्या.

"कुठला परत?" तो हसला. "पेट्या बोटीवर चढल्या. काही इथल्या हॉस्पिटलांत गेल्या. कुठल्या, ते मी कशाला लक्षात ठेवू? तक्रार आलीय का कुणाची?"

"माणूस मेलाय."

"लढाई आहे बाबा. माणसं मरतातच."

आता आम्ही कुऱ्हाडी आणि बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा करतो. चिमटे का सोडले असं कुणी विचारलं तर सुपडू सांगतो, पोलाद मिळत नाही. खांडबाऱ्याच्या त्या माणसाच्या घरी मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा स्टेशनवरून परत आलो.

या धंद्यात नवा कुणी येणार असेल तर माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे. हत्यार तपासायला घरातला माणूस ठेवू नये. बाकी आमचे चिमटे अजून कुठल्या कुठल्या ऑपरेशनच्या ट्रेमध्ये पडून असतील. त्यांचं पॉलिश उत्तम आहे, त्यामुळे कुणी ते आपणहून बाजूला टाकणार नाही.