वहिनींनी घेतलेलं नाव

“माझ्या मालकास्नी रोज मारत्यात तुमच्या त्या गेममध्ये. आन तुम्ही हितं बसून च्या वरपताय व्हय ओ भावजी?”

समोरच्या वहिनी माझ्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या. आवाज राधानगरीकडचा; धरणाचं दार उघडावं तसा. खालच्या गावांनी जनावरं सोडून घ्यावीत. गल्लीतल्या कुत्र्यांनी तर मुक्कामच हलवला.

वहिनींचा मालक म्हणजे माझा दोस्त. गेल्या शिमग्यात छातीत कळ येऊन गेला. आणि मी त्या गेमचा नोकर. खेळणारे जी टोपणनावं घेतात त्यातली घाण कुठली आणि चालण्यासारखी कुठली, हे घरी बसून ठरवायचं, हा माझा धंदा. माझ्या डोळ्यांखालून न गेलेली शिवी जगात नाही. काही तर अशा, की त्यांची भाषा अजून जन्मायची आहे. कोल्हापुरात दोस्त दोस्ताला ज्या शब्दानं मिसळ खायला बोलावतो, तो शब्द दिसला की पुण्याचे आमचे साहेब खातं कायमचं बंद करतात. इतके ते सोवळे.

वहिनींची पोरगी नववीत. गेममध्ये तिनं वर्गातल्या एका टग्याला सगळ्यांदेखत हरवलं. आता आमच्याकडं भांडण शिवीवर थांबत नाही, बापाच्या नावावर जातं. भर वर्गात कुणाच्या बापाचं नुसतं नाव हाकारा, बाकं फेकली जातात. ह्या शहाण्यानं पोरीच्या बापाचं नावच टोपणनाव म्हणून घेतलं, आडनावासकट, आणि मुद्दाम तिच्यासमोर येऊन मरू लागला. तो मेला की पडद्यावर ठळक अक्षरांत बापाचं नाव, आणि पुढं ‘ठार’. बाकीचे टाळ्यांची चित्रं पाठवणार.

“जेवंना झालीया पोरगी,” वहिनी म्हणाल्या. “काढा ते नाव.”

मी तिथल्या तिथं साहेबांना फोन लावला. जे बोललो, ते कुणी टोपणनाव म्हणून घेतलं असतं तर मीच त्याला जन्मठेप दिली असती. गगनबावड्यावर टेकलेले ढग दचकून परत कोकणात उतरले.

साहेब शांत. “ओळखीच्यांची तक्रार तुम्हाला हाताळता येत नाही. मुलगी लहान आहे, तेव्हा पालकांनी आक्षेपार्ह नाव स्वतः उच्चारायचं. संभाषण रेकॉर्ड होतंय. द्या त्यांना.”

मी फोन स्पीकरवर टाकला.

“मॅडम, नाव सांगा.”

वहिनींनी माझ्याकडं बोट केलं. त्या बाईनं नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. पुढं सगळा संसार ‘हे’ आणि ‘पोरीचं बाबा’ यावर झाला. दवाखान्यात कागदावर नाव घालायची वेळ आली तेव्हासुद्धा त्यांनी माझ्याकडं बोट केलं होतं.

“आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत, साहेब. भावजी सांगत्यात की.”

“तुम्हीच सांगायला हवं. नाहीतर तक्रारदाराला नाव सांगता आलं नाही, असा शेरा मारून तक्रार बंद करावी लागेल.”

“अहो, ती बाई त्याचं नाव घेत नाही,” मी ओरडलो. “मेलाय तो. माणूस हाय का कोण हाय तुम्ही?”

“तुम्ही मध्ये बोलू नका.”

मला तो फोन चावून खावासा वाटला. शपथ सांगतो, दात लावलेही होते. वहिनींनी हात वर करून मला थांबवलं. समोर त्यांच्या उंबऱ्यावर पोरगी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. वहिनींनी तिच्याकडं पाहिलं, डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि नाव घेतलं. त्याचं, त्याच्या वडलांचं, मग आडनाव. हळू. धरणाचं दार कधी बंद झालं कळलंच नाही. मला त्यांच्याकडं बघवेना, मी भिंतीकडं तोंड केलं.

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला.

“हे तर साधं नाव आहे, मॅडम. यात आक्षेपार्ह काही दिसत नाही.”