घरी सांगू नको

भिमाबाईला पहिला संशय आला तो सोनीच्या बुटांवरून.

शिरपूरकडची ही बाई लग्न होऊन सिल्वासाला आली आणि पुढं गावाजवळच्या सामरवरणीच्या एका दोऱ्याच्या कंपनीत पॅकिंगला लागली. नवरा गोकुळ दुसऱ्या कंपनीत मशीनवर. एकुलती एक पोर सोनी, सातवीत. पळण्यात अशी, की वर्गातली मुलंही तिच्यापुढं टिकायची नाहीत. सिल्वासातल्याच टोकरखाड्याच्या मैदानावर अरविंद सर मुलींना पळण्याचं कोचिंग द्यायचे. शाळेच्या शर्यतीत त्यांनी सोनीला पाहिलं आणि आपणहून चाळीत आले. फरशीवर मांडी घालून चहा प्यायले. "भाभी, तुमची मुलगी नॅशनलला जाणार, लिहून ठेवा," म्हणाले. गोकुळनं त्या दिवशी साऱ्या चाळीला भजी खाऊ घातली.

मग एक दिवस सोनीच्या पायात कोरे करकरीत बूट दिसले.

"सरांनी सगळ्यांनाच दिले," सोनी म्हणाली. आईकडं न बघता म्हणाली, हे भिमाबाईच्या ध्यानात आलं.

सुट्टीच्या दिवशी ती मैदानावर जाऊन बसली. बाकीच्या पोरी आपल्या जुन्याच बुटांत धावत होत्या. घरी आल्यावर तिनं सोनीला जवळ घेतलं आणि आवाज न चढवता विचारलं. पोर ओढणीच्या टोकाशी चाळा करायला लागली.

"सर म्हणाले, घरी सांगू नको. बाकीच्या जळतील."

गोकुळ कामावरून आल्या आल्या भिमाबाईनं त्याच्या कानावर घातलं. तो वैतागला. "माणूस पोरीसाठी जीव टाकतोय अन् तुला त्यात पण खोट दिसते. आपल्याला कोण विचारत होतं इथं?"

"खोट आहे असं नाही म्हणत मी. पण जे आईपासून लपवायचं, ते चांगलं कसं असंल?"

गोकुळनं ताट पुढं ओढलं आणि विषय तिथंच संपवला. भिमाबाईनं मात्र मुकादमाला सांगून सकाळची शिफ्ट मागून घेतली आणि संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर बसायला लागली. सर हसून नमस्कार करायचे. एकदा म्हणाले, "भाभी, रोज कशाला तकलीफ घेता? आई बघत असली की मुली खुलत नाहीत." ती नुसती हसली. उठली नाही.

त्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना घरी सोडलं आणि गौरीला थांबवून घेतलं. गौरी म्हणजे सरकारी कचेरीतल्या दत्तात्रय साहेबांची मुलगी, सोनीहून थोडी मोठी. सामान ठेवायच्या खोलीत दोघं गेली आणि दार लोटलं गेलं. भिमाबाईनं सोनीला कठड्यावर बसवलं, तडक गेली आणि दार ढकललं.

"सोनीची बाटली राहिली का हो इथं?"

गौरी चटईवर बसली होती. सरांच्या हातात मलमाची ट्यूब होती. "पाय मुरगळला हिचा," ते म्हणाले. बोलले हसूनच, पण मान खाली घालून ट्यूबचं झाकण लावायला लागले. गौरीनं वर पाहिलंच नाही.

"चल गं, रस्ता एकच आहे, सोबत जाऊ," भिमाबाई म्हणाली. गौरी झटकन उठली आणि सोनीच्या बरोबरीनं घरापर्यंत ताठ चालत आली. कुठं लंगडली नाही. वाटेत भिमाबाईनं विचारलं, तर "काही नाही, मावशी," एवढंच.

भिमाबाई तशीच दत्तात्रय साहेबांच्या दारात उभी राहिली. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा आंबट झाला. "भिमाताई, ते सर देवमाणूस आहेत. लहान गावात एखाद्याचं नाव खराब करायला वेळ लागत नाही. जरा जपून बोला." त्यांची बायको मंगला, शाळेत शिक्षिका, दाराआड उभी होती.

पुढं सुरतेच्या स्पर्धेचा विषय निघाला. सरांनी पालकांना मैदानावर बोलावलं. मुक्काम दोन दिवसांचा, मुलींसोबत सर एकटे जाणार. भिमाबाई उभी राहिली. एवढ्या लोकांत ती कधी बोलली नव्हती.

"आमच्यातली एखादी आई बरोबर येऊ द्या. अन् कुठल्याच पोरीला बंद खोलीत एकटं ठेवू नका."

सरांचं हसू मावळलं. "म्हणजे माझ्यावर शक?"

"देवावर कुणाचा शक असतो का? तरी देवळाला कुलूप लावतोच ना आपण."

"मग तुमच्या मुलीला घरीच ठेवा कुलूप लावून," सर म्हणाले. दोन-चार जण हसले. भिमाबाईला मात्र तेवढं उत्तर पुरलं. ज्याच्या मनात काही नाही, त्यानं म्हटलं असतं, या की, खुशाल या. दुसऱ्या दिवसापासून तिनं सोनीचं मैदान बंद केलं.

सोनी आईशी बोलेना. गोकुळ येता-जाता टोमणे मारायचा. चाळीतल्या बाया नळावर म्हणायच्या, पोरीचं सोनं झालं असतं, आईनंच माती केली. रात्री पोरीचं मुसमुसणं ऐकून भिमाबाईलाही वाटायचं, आपलंच चुकलं तर नाही?

सुरतेहून मुली परतल्या, त्यानंतर एका दुपारी मंगला मॅडम कंपनीच्या गेटवर आल्या. डोळे सुजलेले.

"भिमाताई, गौरीनं तोंड उघडलं. तिलाही तो तेच म्हणायचा. घरी सांगू नको." त्यांनी भिमाबाईला गेटच्या आडोशाला घेतलं. "त्या दिवशी मी दाराआडून सगळं ऐकत होते. मलाही वाटत होतं, पण मी गप्प बसले."

"आता नका बसू गप्प," भिमाबाई म्हणाली. त्या दोघी आणि दत्तात्रय साहेब मिळून गौरीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तक्रारीवर साहेबांनीच सही केली. लेडी ऑफिसरनं गौरीला वेगळं बसवून, आईला शेजारी घेऊन, सावकाश विचारलं. गौरीनंतर आणखी एक मुलगी बोलली. अरविंद सरांना धरून नेलं तेव्हाही मैदानावरचे काही पालक म्हणत होते, बायकांनी मिळून माणूस अडकवला. केस अजून उभी राहायची आहे.

गोकुळ त्या दिवसापासून टोमणे विसरला. माफी बिफी काही मागितली नाही. पण कामाची पाळी बदलून घेतली आणि सोनीला आता तो स्वतः शाळेच्या मैदानावर नेऊन बसतो. तिथल्या खेळाच्या मॅडम पालकांना स्वतःच बसायला सांगतात. भिमाबाई त्यांच्याकडंही डोळे बारीक करूनच बघते.

सोनीला तिनं पुन्हा एकदा विचारलं, "तुला काही केलं नाही ना गं त्यानं?"

"नाही, मम्मी."

फारच लगेच आलं उत्तर. भिमाबाईनं कंगवा हातात घेतला. मग म्हणाली, "बरं. पण कधी आठवलं काही, तर सांग. केव्हाही सांग. मी रागवायची नाही."

सोनीनं मान हलवली आणि वेणी घालून घ्यायला आईकडं पाठ करून बसली.