न मोजलेली मुलगी

मैत्रिणींनो, आज रिसोडजवळच्या एका वस्तीवर गेले होते. अजून जीव थाऱ्यावर नाही.

आईच्या शिक्षणाचा मुलांच्या जगण्यावर किती परिणाम होतो, हे आम्ही अनेक देशांचे आकडे जोडून तपासतोय. म्हणून मी घरोघरी मुलं किती ते विचारते.

तिथली एक आई, शांता, म्हणाली, "दोन पोट्टे." तिच्या मांडीवर मुलगी तापाने फणफणत होती.

"अन् ही?"

"हिले नका मोजू बाई, नजर लागते. मांगच्या साली मोजून गेले, अन् माही थोरली गेली."

"दवाखान्यात तरी चल."

"तेथबी लिवतेतच ना! तुमाले लिवाचा भलता नाद."

तिथे माझी मुलगी म्हणून हिचं नाव लावीन म्हटलं, तेव्हा शांता उठली.

मुलीला दाखल केलंय, ताप अजून उतरलेला नाही. दवाखान्याच्या कागदावर ती शिकलेल्या आईची मुलगी आहे, आमच्या आकड्यांत जन्मलेलीच नाही. उद्या तिला शांताची म्हणून लिहू की नको?