टाळीचा नियम

प्रबंधासाठी खेळ गोळा करायचे ठरले तेव्हा मार्गदर्शकांनी मला एक चक्रमुद्रित तक्ता दिला. खेळाडू किती, मोहरे किती, पट कसा, जिंकतो कोण, खेळ संपतो कधी. एका खेळाला एक तक्ता. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या गावांतून असे तक्ते भरून आणायचे, एवढंच काम होतं. मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही. हातात तक्ता असला की जरा धीर यायचा, कारण मग प्रश्न माझे नसायचे.

शिवऱ्याला हमरस्त्याकाठी ट्रकवाले कोळशाने पट आखून वाघ-शेळी खेळत बसत. मी जवळ जाऊन उभी राहिले की खेळ थांबायचा. एकदा एकाने पटावर टॉवेल टाकला आणि म्हणाला, "मॅडम, जुगार न्हाई हां ह्यो." बाकीचे हसले. मी वही मिटून एसटीच्या थांब्यावर आले. माझे पुष्कळ दिवस असे गेले.

नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. तिथल्या देवळाच्या पायरीवर दगडात खळगे कोरलेले आहेत, सात-सातच्या दोन ओळी, बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या. हा चिंचोक्यांचा खेळ. आपल्या ओळीतल्या एका खळग्यातले चिंचोके उचलायचे, पुढच्या प्रत्येकात एकेक टाकत जायचं. शेवटचा चिंचोका पडला आणि पुढचा खळगा रिकामा निघाला, की त्याच्या पलीकडच्या खळग्यातलं सगळं आपलं. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी मला तो खेळून दाखवला. मध्ये मध्ये त्या अडखळत होत्या, एकमेकींना विचारत होत्या. "आता कोन खेळतंय बाई," एक म्हणाली. "तुमी आलात म्हनून बसलो." तक्ता भरला. मी खूश होते.

परतीच्या गाडीला दोन तास होते. रस्त्याच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती होती. तिथून हसण्याचा आणि टाळ्यांचा आवाज येत होता म्हणून मी उतरून गेले. एका घरासमोर जमिनीत खळगे उकरून चार बायका तोच खेळ खेळत होत्या. निदान मला तोच वाटला. पण एकीचा हात खळग्यांवरून फिरत असताना दुसरीने मध्येच टाळी वाजवली आणि पहिलीने कपाळावर हात मारून चिंचोके देऊन टाकले.

त्यांच्यातली जी सगळ्यांत वयस्क होती तिने मला बसायला पोतं दिलं आणि काही न विचारता समोर खेळायला घेतलं. मी तीन डाव हरले. मी ओठांतल्या ओठांत इंग्रजीत मोजत होते ते तिने ओळखलं.

"येवढी वर्सं साळंत काढली आन् चिंचोकं मोजाया येईनात व्हय?"

"आजी, तुमची टाळी कधी वाजवायची तेच कळत नाही मला."

"कळत न्हाई तर वाजवू नगा. मूठ बगा माजी."

हळूहळू समजलं. उचललेले चिंचोके मुठीत झाकून ठेवायचे. समोरचीने ते किती असतील याचा अंदाज बांधायचा आणि शेवटचा पडेल त्याच क्षणी टाळी वाजवायची. बरोबर वाजली तर पुढच्या खळग्यातलं सगळं तिचं. आधी वाजली तर तिलाच दंड. टाकणारी मग मुद्दाम हात लांबवणार, रिकामी मूठ भरल्यासारखी धरणार, चेहरा कोरा ठेवणार. देवळातल्या खेळात नुसता हिशेब होता. इथे समोरच्या माणसाकडे बघावं लागत होतं. त्या दुपारी मी वहीत लिहून ठेवलं की हा खेळ पहिल्यापेक्षा चांगला रचलेला आहे. ते वाक्य अजून वहीत आहे.

"टाळीचा नियम कुठून आला, आजी?"

तिने खेळता खेळताच सांगितलं. "आमी पोरी व्हतो तवा त्या वर पायरीवर खेळायच्या. आमाला कुठं वर येऊ द्यायचं? आमी खाली बांधावर बसून बगायचो. तितनं हात दिसायचं, चिंचोकं न्हाई दिसायचं. हात फिरला, थांबला, टाळी वाजली, आन् एक बाय पसाभर उचलून घ्यायची. म्हनलं, टाळी वाजवली की मिळत आसनार."

"पण टाळी त्या आनंदाने वाजवायच्या. जिंकल्यावर."

"त्ये मंग कळलं, लई वर्सांनी. तवर आमचा खेळ झाला व्हता." ती हसली. "आता त्यांचा आमाला पुचाट लागतो."

मी निघताना तिने माझी वही हातात घेतली, पानं उलटून बघितली. तिला वाचता येत नव्हतं.

"लिवा," ती म्हणाली. "पर आमचा म्हनून लिवा. त्यांच्यातनं उचलल्याला, असं नगं."

"हो आजी. तसंच लिहीन."

मी हे अगदी सहज म्हटलं. मला ते तेव्हा खरंच सोपं वाटलं होतं.

पुण्यात मार्गदर्शकांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. ते रागीट नाहीत. मला कधी टाकून बोलले नाहीत, उलट चहा पाजून समजावतात. ते म्हणाले, "हे बघ, पायरीवरचा खेळ हे मूळ रूप. दगडात कोरलेला पुरावा आहे. ही दुसरी बाई लांबून बघून शिकली, तिला नियम कळले नाहीत. तिचा गैरसमज आपण खेळ म्हणून नोंदवायचा का? परीक्षक काय म्हणतील?"

मला उत्तर माहीत होतं. पायरीवर तो खेळ आता कुणी खेळत नाही आणि खालच्या वस्तीत रोज खेळतात. गैरसमजातून निघालेला नियम चार-पाच दशकं टिकतो, त्यात डावपेच येतात, म्हणजे तो नियमच असतो. आणि ती लांब का होती, हा प्रश्न तक्त्यात कुठेच नव्हता. हे सगळं मी त्यांच्यासमोर बसून मनात व्यवस्थित मांडलं. मग मी म्हणाले, "बरोबर आहे, सर."

माझ्या शाळेत उलटून बोलायचं नाही असं शिकवत, हे मी पुष्कळदा कारण म्हणून स्वतःला सांगितलं आहे. पण टंकलेखन मी स्वतः केलं. तिथे कुणी समोर बसलं नव्हतं. परिशिष्टात एक वाक्य घातलं, इंग्रजीत: शेजारच्या वस्तीत या खेळाचं एक डिफेक्टिव्ह रूप आढळतं, खेळणाऱ्यांना नियमांचं नीट आकलन झालेलं नाही. कार्बन लावले होते, त्यामुळे ते चार प्रतींवर एकदम उमटलं. प्रबंध मान्य झाला. परीक्षकांनी काटेकोरपणाचं कौतुक केलं.

त्यानंतर एका लेखासाठी पायरीवरची मापं पुन्हा ताडून पाहायला मला त्या गावी जावं लागलं. बांधलेली प्रत पिशवीत होती. एसटीतून उतरले तर आजी रस्त्याकडेलाच सरपणाचा भारा टेकवून उभी होती.

"बाई, झालं का पुस्तक?"

नाही म्हणता आलं असतं. पण तिची नजर पिशवीवर होती.

तिच्या अंगणात पाच-सहा बायका जमल्या. "आमचं वाचून दावा," ती म्हणाली. मी परिशिष्टाचं ते पान उघडलं, कारण त्यांचा उल्लेख तेवढ्याच एका पानावर होता, आणि वाचायला लागले. म्हणजे बोलायला लागले. या वस्तीतल्या बायकांनी स्वतः रचलेला एक खेळ आहे, तो असा खेळतात, मूठ अशी झाकतात. इतकं सलग मी आयुष्यात कुणासमोर बोललेली नाही.

"आधी वाजली तर दंड, त्ये लिवलंय का?"

"लिहिलंय."

"कुठं?"

मी एका ओळीवर बोट ठेवलं. तिने त्या ओळीवरून आपलं बोट फिरवलं. कुणीतरी म्हणालं, "आत्ये, तू तर पुस्तकात गेलीस की गं," आणि ती लाजली. तिला लाजताना मी पहिल्यांदा बघत होते.

मग ती म्हणाली, "येवढं पान मला द्या."

मी म्हटलं, आजी, तुम्हाला मी हे सगळं मराठीत लिहून देते, सुवाच्य अक्षरात, आत्ता इथेच बसून देते. पेन काढलं. ती मान हलवत राहिली.

"हातानं लिवल्यालं नगं. हातानं काय कोनबी लिवील. ह्येच द्या, छापल्यालं."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी पान शिवणीपासून धरून सावकाश फाडलं आणि तिच्या हातात दिलं.

तिने ते घडी न घालता आत नेलं, भिंतीवरच्या तसबिरीची काच काढायला लावली आणि कडेला, सगळ्यांना दिसेल असं बसवलं. तिची नात दारात उभी होती. चौथीतली मुलगी. आजी तिला म्हणाली, "पुढल्या वर्सी तुला इंग्रजी लागंल. मंग तू वाचून दावायचं आमाला. बाईंनी कुठवर यायचं?"

याला दोन वर्षं झाली. मी आता एका महाविद्यालयात शिकवते. खेळांवर माझा एक लेखही आला. त्या गावाला मी गेलेले नाही, आणि नसरापूरपर्यंत जायचं काम निघालं तरी टाळते. मुलगी सहावीत असेल. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात दुकानाच्या फळीशी उभं राहून मी पाचवीचं आणि सहावीचं इंग्रजीचं पुस्तक शेवटच्या शब्दसूचीपर्यंत बघितलं. डिफेक्टिव्ह हा शब्द त्यांत नाही. दुकानदाराने विचारलं, "सातवीचं दाखवू का?" मी नको म्हटलं.