गवताच्या कारखान्याचे सभासद

खरं तर हे मी लिहावं, असा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या लेखनाची आजवरची मजल म्हणजे भावकीतल्या लग्नपत्रिका. त्यातही एकदा नवऱ्या मुलाचंच नाव चुकलं होतं. पण रंगनाथनानांविषयी दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून हे धाडस. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

नाना पुणतांबा ते राहाता अशी वडापची जीप चालवतात. अकरावी-बारावीला मी त्यांच्याच गाडीने जायचो. बाकीचे जीपवाले सीट भरेपर्यंत इंजिन घरघरत ठेवत, म्हणजे गाडी आता निघेल असं वाटून माणसं पटापट बसतात. नाना इंजिन बंद ठेवत, त्यामुळे त्यांची गाडी सगळ्यांत शेवटी भरे. "नाना, चालू करा की, लोक पलीकडं चाललेत," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "मागं शाळंची पोरं बसत्यात. त्यांच्या नाकात धूर घालून कमवू व्हय मी?" तरी गिअर टाकला की मागे काळा ढग उठायचाच. मग नाना आरशात बघून स्वतःच्याच गाडीला शिव्या देत.

पुढे मी नगरला कॉलेजात गेलो. तिथे जैवइंधनावर भाषण केलं आणि उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलं. त्यातला अर्धा भाग मलाही कळला नव्हता. पण आईने गावभर सांगितलं आणि मी त्या विषयातला जाणकार ठरलो. त्याच सुमारास राहात्याला एका नव्या कंपनीची सभा होती. शेतकऱ्यांनी शेअर घ्यायचे, हत्ती गवत लावायचं आणि कंपनी त्यापासून गाड्यांसाठी गॅस करणार. नानांनी मला सोबत घेतलं. "चल प्रोफेसर, म्होरं बस. मला कळलं न्हाई तर समजावून सांग."

कंपनीचे साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. मी सारखी मान डोलवत होतो. कळत होतं म्हणून नव्हे, नाना माझ्याकडे बघत होते म्हणून. काही शंका आहे का, असं विचारताच नाना उठले. सगळं आयुष्य साखर कारखान्याच्या मुलखात गेलेलं.

"सायेब, साखर कारखाना सभासदाला दिवाळीला साखर देतो. तुमी काय देनार?"

सभा हसली. साहेब म्हणाले, "काका, गॅस काही पिशवीतून देता येत नाही."

"बरं. मग पूजा करून पयली मोळी टाकायला जोडपं कोनतं बसवनार? त्याबिगर कारखाना कसा सुरू व्हईल?"

साहेबांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरून म्हणालो, "ही ॲनारोबिक प्रक्रिया आहे."

या शब्दापुढचं मलाही ठाऊक नव्हतं. नाना खाली बसत कुजबुजले, "लई भारी बोललास. म्हंजी जोडपं लागतं का न्हाई?"

नानांनी शेअर घेतले आणि चांगली फळणारी पेरूची बाग काढून गवत लावलं. नानांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, अबोला धरला. गवत पुरुषभर उंच झालं, पण राहात्याजवळ प्लांटच्या जागेवर फलकाशिवाय काही उगवलं नाही. कापलेलं गवत म्हशीपुढे जाऊ लागलं. मग गाडीत टिंगल सुरू झाली, "काय नाना, म्हैस ॲव्हरेज किती देती?"

"हसा," नाना म्हणत. "उद्या ह्याच गाडीत बसून हसशीला, पन मागं धूर नसंल."

मी सुट्टीला गेलो की ते वाट बघतच असत. "प्रोफेसर, कधी सुरू होनार रं?"

"प्रक्रिया चालू आहे, नाना."

"कुटं चालू हाय? मी तर रोज त्याच रस्त्यानं जातोय."

एकदा काकूंनी मला बाजूला घेतलं. "तुज्या वळखीचं कुनी असंल तर बघ बाबा. बाग गेली ती गेली. पन लोक ह्यांना येडं म्हनाया लागलेत, ते न्हाई बघवत." माझी ओळख ग्रंथपालांपर्यंत. तरी मी "बघतो" म्हणालो, आणि तेही अशा थाटात की काकूंनी मला चहासोबत शिरा दिला.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. प्लांट सुरू झाला. पण लांब, नेवाशाच्या बाजूला. आमच्याकडचं गवत एवढ्या लांब न्यायचं तर डिझेलच इतकं जळेल की सगळा खटाटोप फुकट, म्हणून आमच्या भागातलं गवत ते घेणार नाहीत. ज्यांना हवे त्यांनी शेअरचे पैसे परत न्यावेत, असा निरोप आला. गावातल्या सगळ्यांनी नेले.

"आणि नानांनी?"

"न्हाई नेले," आई म्हणाली. "काकूनं समजावलं, मी बी सांगून बघितलं. मी म्हनलं, आता तिकडं आपलं काय ऱ्हायलंय? तर म्हनाले, 'वैनी, गाड्या तर चालनार हायेत ना त्याच्यावर? मग पैसं कशाला काढू? धूर काय निस्ता आपल्याच रस्त्याचा कमी करायचा हुता व्हय?'"